सिद्रामनं फेटा फाडला त्याची गोष्ट

आपल्या नदीला पूल नव्हता आणि पलीकडं जायचं तर म्हशीची शेपटी धरून जावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी आपल्या मागवाडीत सिद्राम नावाचा कोष्टी राहायचा. माग तसे घरोघरी होते, पण सिद्रामच्या कापडाची बातच वेगळी. सुताला तो खळ अशी द्यायचा, की त्याचं धोतर अंगणात ठेवलं तर आपलं आपण उभं राहायचं. शेजारच्या मांजरानं एकदा त्यावर पंजा मारला, तर मांजराचीच नखं मोडली. मी काही बघायला नव्हते, पण असं म्हणतात.

आता मागवाडीची एक रीत होती. बाळ जन्मलं की त्याला बापाच्या मागावरचं कोरं कापडच बांधायचं आणि बारशापर्यंत त्या कापडाला पाणी लावायचं नाही. लावलं तर माग रुसतो, सूत तटातटा तुटतं, अशी समजूत. मग लंगोट ओला झाला की काय करायचं? शेगडीवर शेकायचा आणि पुन्हा बांधायचा. नाकं मुरडू नका, तुमच्याआमच्या खापरपणज्यांनी हेच केलंय. त्यामुळं मागवाडीतली तान्ही पोरं अशी रडायची, की पैलतीरावरची गुरं बुजायची. गावाला वाटायचं, कोष्ट्याच्या पोरांचा गळाच मोठा.

सिद्रामला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. त्याला आभाळ ठेंगणं झालं. हातातली सगळी कला ओतून त्यानं लंगोट विणले, दुप्पट खळ दिली आणि लेकीला स्वतः घट्ट बांधले. पोरगी रडायला लागली ती थांबेचना. दूध घेईना, झोपेतून दचकून उठायची. लंगोट सोडला की मांड्या आणि ढुंगण लालबुंद, कुठंकुठं साल निघालेली. कुणी म्हणालं राख लावा, लावली. कुणी म्हणालं हळद चोळा, चोळली. पोरगी आणखीच कळवळली. सिद्रामचा हात मागावर चालेना. आडवं सूत फेकायचा धोटा मुठीत धरून तो नुसता तिचं रडणं ऐकत बसायचा, आणि वाटायचं, ही आपल्या हातून जाते आता.

पैलतीरावरून बाळंतिणींना न्हाऊ घालायला हौसाआजी यायची. तिला त्यानं विचारलं, "आजी, काय चुकतंय?"

"तुझं कापड चांगलंय रे, पण ते मिरवायचं कापड आहे," आजी म्हणाली. "हिच्या अंगाला जुनं लागतं. धुऊन धुऊन लोण्यागत झालेलं. आणि ओलं झालं की शेकत बसायचं नाही, सोडायचं, कोमट पाण्यानं तिला पुसायचं, कोरडं करायचं."

"आणि माग रुसला तर?"

"रुसू दे. मागाची समजूत काढता येईल तुला. हिची कशी काढशील?"

पण कोष्ट्याच्या घरात जुनं कापड कुठलं? जरा विटलं की ते पलीकडच्या गावात वाटून टाकायचे. सगळ्या घरात जुनी वस्तू एकच, सिद्रामच्या आजोबांचा फेटा. सणासुदीला डोक्यावर चढायचा आणि दर दिवाळीला नदीवर धुऊन निघायचा. घराण्याची अब्रूच ती.

पाचवीच्या पूजेला घर माणसांनी भरलं. सिद्राम फेटा बांधून पाटावर बसला. आत लेक रडत होती, तिचा आवाज बसत चालला होता. पूजेच्या मध्येच तो उठला, डोक्यावरचा फेटा उतरवला आणि सगळ्यांदेखत टर्रकन फाडला.

शुभकार्यात पुरुष बोडका. बोडकं व्हायचं ते घरात कुणी गेलं तरच. पंचांतले म्हातारे बसाप्पाकाका म्हणाले, "सिद्राम, बोडकं व्हायला घरात कोण गेलंय?"

"कुणी जाऊ नये म्हणूनच झालोय, काका," सिद्राम म्हणाला.



हौसाआजीनं पोरीला कोमट पाण्यानं निववलं, न घासता टिपून कोरडं केलं, खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आणि फेट्याचा तुकडा सैलसर बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोवळ्या उन्हात तिला थोडा वेळ उघडीच ठेवली. पोरगी हातपाय झाडून खेळली, पोटभर प्याली आणि झोपली. दारात गावातल्या सगळ्या लेकुरवाळ्या जमल्या होत्या. प्रत्येकीला तुकडा हवा. सिद्राम फाडत गेला आणि फेटा काही संपेना. गावातली तान्ही सरली, पोटुशी बायकांचे वाटे झाले, तरी फेटा होता तेवढाच, असं म्हणतात. संध्याकाळपर्यंत मागवाडी अशी शांत झाली, की पैलतीरावरची माणसं काळजीनं नदी ओलांडून बघायला आली. बघतात तर काय, सगळ्या मागांची खटखट चालू, पाळण्यांत पोरं घोरतायत, आणि सिद्राम बोडक्या डोक्यानं अंगणात लंगोट खळबळून धुतोय. त्या वर्षी मागवाडीत एक सूत तुटलं नाही. उलट कापड असं उतरलं, की पलीकडचे व्यापारी म्हशीची शेपटी धरून घ्यायला यायचे.

आता पूल आहे, लंगोटही बाजारात तयार मिळतात. पण मागवाडीत बाई पोटुशी राहिली की घरोघरचे पुरुष आपला जुना, मऊ फेटा तिच्या दारी नेऊन देतात, आणि त्याचा पहिला तुकडा बापच फाडतो. पाचवीपासून बारशापर्यंत तो डोक्याला काही बांधत नाही. नवखे पाहुणे बारशाला आले की यजमान बोडका बघून चरकतात, घरात कोण गेलं म्हणून दबक्या आवाजात विचारतात. आपण त्यांना हाताला धरून पाळण्याशी नेतो आणि सांगतो, "हळू बोला. आलंय."