गुणाचं जपून चालणं

एका गावात गुणा नावाचा एक भोळा पोरगा होता. नाव गुणा, पण अंगात गुण शपथेलासुद्धा नव्हता. चालताना ध्यान आभाळात आणि स्वतः गटारात.

त्याचं लग्न ठरलं. सासऱ्यानं बजावलं, "मांडवात पोरगा पडला, तर पोरगी देणार नाही." गुणाला लहानाचं मोठं करणाऱ्या तानूआत्यानं त्याला समोर बसवलं. एवढं एकच स्थळ कसंबसं जमलं होतं.

आत्या म्हणाली, "गुणा, चालताना ध्यान पायात ठेव. आधी टाच, मग बोटं. सावकाश."

"बरं आत्या."

दुसऱ्या दिवशी पाटलांचा बैल उधळला. लोक पळाले. गुणा चालला. आधी टाच, मग बोटं. बैलानं त्याला थेट उकिरड्यावर पोचवलं.

"अरे मेल्या, मागनं कुणी अंगावर आलं की पळावं. वळूनसुद्धा बघू नये."

"बरं आत्या."

मग सासरा लग्नाचा सदरा घेऊन आला. वाटेत गुणा दिसला, म्हणून हाका मारत त्याच्या मागं निघाला. गुणा पळाला. सासरा पळाला. घरी पोचेपर्यंत सासऱ्याचा पटका सुटून गळ्यात आला होता.

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे, हाक आली की थांबावं. श्वास घ्यावा. अंगाला काय वाटतंय ते बघावं. मग बोलावं."

"बरं आत्या."

लग्नाचा दिवस उजाडला. होमाभोवती फेरे सुरू झाले. पुढं गुणा, मागं नवरी, त्याच्या उपरण्याची तिच्या शालूला गाठ. आधी टाच, मग बोटं. सासरा खूश. आत्याचे डोळे भरून आले.

एवढ्यात गुणाच्या उपरण्याचं लोंबतं टोक होमात गेलं आणि पेटलं.

"गुणा!" अख्खा मांडव ओरडला.

गुणा थांबला. श्वास घेतला. अंगाला काय वाटतंय ते बघितलं.

"पाठीला ऊब लागतेय," तो म्हणाला. "बरं वाटतंय."

भटजी मंत्र विसरले. नवरी मात्र हुशार. तिनं पाण्याची घागर उचलली आणि मागनं त्याच्या अंगावर रिकामी केली. आग विझली.

मागनं अंगावर आलं म्हटल्यावर गुणा सुटला. उपरणं नवरीच्या शालूलाच लटकत राहिलं. सासरा मागं धावला, पण धाप लागल्यामुळं त्याला हाक मारता येईना.

संध्याकाळी आत्या रडत घरी आली. गुणा ओसरीवर पाय पसरून बसला होता.

"अरे, बायको कुठंय तुझी?"

"असेल मांडवात," गुणा म्हणाला. "पण आत्या, सासऱ्याला निरोप धाड. तिथनं इथवर पळत आलो, एकदासुद्धा पडलो नाही."