नाव मागणारा डोह

उंबरटेकच्या डोहावर नाव मधोमध आली की नावाडी वल्हे उचलून धरतो आणि उतारूंपैकी कुणालातरी एक शाब्दिक कोटी करायला लावतो. कोटी जितकी फालतू तितकी बरी. सगळे कपाळाला हात लावून कण्हतात. मग नावाडी पाण्याकडे कान देतो. असे का, ते तिथले वयोवृद्ध हैबती भोई परक्या माणसाला सांगतात.

फार पूर्वी म्हाळू नावाचा भोई इथे नाव चालवी. येसबा तांबट त्याचा जिवलग. बाजाराहून परतताना दोघांच्या कोट्या रंगत.

"मी भांडी ठोकतो, बायको भांडते. आमचं घर भांड्यांवरच चालतं!" येसबा म्हणे.

"मी लोकांना पार करतो, तू मला पार पिडलंस!" म्हणत म्हाळू कण्हे. ते कण्हणे ऐकले की येसबाला दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटे.

एका संध्याकाळी दाट धुके होते. नाव काठाला लागली, येसबाने पाण्यात पाय टाकला, तोच खालून कुणीतरी विचारले, "नाव काय?" कुणी ओळखीचा असेल असे वाटून तो म्हणाला, "येसबा." आणि तसाच ताठ झाला. पापणी हलेना. पाय खोल ओढला जाऊ लागला. म्हाळूने होडीतून उडी टाकून त्याला कवेत धरले, पण ती ओढ माणसाच्या जोराची नव्हती.

"बदली नाव दे, याला सोडतो," खालून आवाज आला.

स्वतःचे नाव म्हाळूच्या ओठांवर आले होते. पण कोट्यांना सोकावलेली जीभ आडवळणाला गेली. "नाव ना? घे, दिली!" म्हणत त्याने लाथेने होडी डोहात लोटली. सागवानी होडी दगडासारखी खाली गेली. तरंगही उठला नाही.

येसबा काठावर कोसळला. श्वास नव्हता. म्हाळू रडत त्याच्या कानाशी वाकला. "अरे, त्यानं नाव मागितलं, मी नाव दिली. ऐकतोस ना?"

बऱ्याच वेळाने ओठ हलले. "आई गं... म्हाळ्या, किती रे फालतू!" येसबा कण्हला.

म्हाळू हसणार, तोच पाठीमागे डोहातूनही कण्हणे उमटले. आवाज येसबाचाच होता.

येसबा पुढे पुष्कळ जगला, असे सांगतात. पण नावाने हाक मारली तर तो वळत नसे. म्हाळू त्याला नुसते "अरे" म्हणे.

आजही कोटीनंतर पाण्यातून कण्हणे आले, म्हणजे डोह फसला, असे समजून नावाडी वल्हे मारतो. "येसबा" अशी हाक मात्र तिथे कुणी देत नाही. दिली, तर खालून "ओ" येते म्हणे, आणि दर खेपेला थोडी जवळून.