निळ्या दारावरचा ओरखडा

एकदा एका वस्तादांच्या दारात एक गाडी आली, तीही स्वतःच्या इंजिनाच्या भरवशावर नव्हे, तर ट्रॅक्टरला दोराने बांधून. वस्तादांचं नाव दस्तगीर. हळदीच्या पेठेमागे त्यांचं लहानसं गॅरेज होतं आणि टाकून दिलेल्या गाड्या धुऊन, घासून, उजळून पुन्हा माणसांत आणण्यात त्यांची पन्नास वर्षं गेली होती. त्यांच्या हाताखाली पराग नावाचा एक शिष्य होता. या कामाचा तीन महिन्यांचा कोर्स तो पुण्याला करून आला होता, त्यामुळे आपल्याला वस्तादांपेक्षा थोडं जास्तच कळतं असं त्याला वाटे. तीन महिन्यांच्या कोर्सनंतर तसं वाटतंच. पुढे हळूहळू कमी होतं.

गाडी होती जुनी निळी फियाट. ती निळी आहे हे मालकांनी सांगितलं म्हणून कळलं, कारण अकरा वर्षं ती चिंचेच्या झाडाखाली उभी होती. टपावर पाला कुजून त्यात गवत उगवलं होतं, मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता आणि स्टिअरिंगखाली कुंभारमाशीने मातीची घरटी लिंपली होती. पराग आत डोकावला आणि नाक मुरडून म्हणाला, "गाडीची एवढी वाट लावायला पण मेहनत लागते बरं!"

मालक शेजारीच उभे होते. त्यांनी नुसती मान खाली घातली. वस्तादांनी ते पाहिलं, परागला पाणी आणायला पाठवलं आणि मालकांना स्टूल दिलं.

मालकांचं नाव श्रीपाल शेठ. हळदीचे व्यापारी, वय साठीच्या घरात. स्टुलावर बसल्यावर ते गाडीकडे बघतच बोलू लागले.

"वस्ताद, गाडी माझी नव्हे. थोरल्या भावाची, भूपाल अण्णांची. वीस वर्षं रोज सकाळी स्वतःच्या हातानं पुसायचे. वाटणी झाली तेव्हा मी हटून बसलो, गाडी मलाच पाहिजे. चालवायची हौस नव्हती मला. त्यांना मिळू नये, एवढंच होतं."

"आणि दारावर हे काय झालंय?" धुळीतूनही दिसणाऱ्या एका लांब रेघेवर वस्तादांनी बोट ठेवलं.

"ते पण मीच. गाडी न्यायला गेलो तेव्हा अण्णा पुसतच होते. त्यांच्या डोळ्यांदेखत किल्ली दारावर धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेली. अण्णांनी फडकं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि आत गेले. त्यानंतर आमचं बोलणं नाही."

श्रीपाल शेठ धर्माने जैन होते. भाद्रपदातलं पर्व संपलं की त्यांच्यात क्षमावाणी येते, एकमेकांची क्षमा मागण्याचा दिवस. दरवर्षी त्या दिवशी शेठजींचा मेसेज साऱ्या पेठेला जाई, 'कळत-नकळत आमच्याकडून काही चूक झाली असल्यास क्षमा असावी'. ज्यांचं त्यांनी काडीचंही वाईट केलं नव्हतं अशा शेकडो लोकांची ते मनापासून क्षमा मागत. एका नंबरापाशी मात्र त्यांचं बोट अडे आणि तो नंबर राहून जाई. यंदा अण्णा श्वासाच्या त्रासाने महिनाभर दवाखान्यात होते. शेठजी गेटापर्यंत गेले आणि तिथूनच परत फिरले. तेव्हापासून त्यांना झोप नव्हती.

"या क्षमावाणीला गाडी अण्णांना परत द्यायची," ते म्हणाले. "नवा रंग मारू नका, त्यांना तो परका वाटेल. हाच उजळा. पण तो ओरखडा तेवढा राहता कामा नये. काही झालंच नव्हतं, असं दिसलं पाहिजे."

"बघू," वस्ताद म्हणाले.

मग नऊ दिवस काम चाललं. इंजिन शेजारच्या मिस्त्रीने सुरू करून दिलं. बाकीचं सगळं गुरुशिष्यांनी केलं. उंदरांचा संसार उचलला, सीटची कव्हरं उसवून धुतली, दात घासायच्या ब्रशने काचांच्या फटी साफ केल्या. पत्र्यावर पाखरांच्या विष्ठेचे डाग होते, ते ओल्या फडक्याखाली मुरवून अलगद सोडवले. मग पॉलिशचं मशीन फिरू लागलं आणि मळकट करड्या पत्र्यातून एकेक वीत निळा रंग वर आला. पहिल्या दिवशी नाक मुरडणारा पराग आता डबा खायलासुद्धा गाडीजवळून हलत नव्हता. असली माया कुठल्याही कोर्सात शिकवत नाहीत.

नवव्या दिवशी फक्त ते दार राहिलं. ओरखडा केसाएवढा बारीक झाला होता, पण तिरप्या उजेडात अजून दिसत होता. परागने मशीन पुन्हा त्यावर धरलं. तेवढ्यात ते बंद पडलं. त्याने वळून पाहिलं तर वस्तादांनी भिंतीवरचा प्लग काढला होता. ते दाराजवळ आले, बोटावर थोडं मेण घेतलं आणि ओरखड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मलम लावावं तसं लावत गेले.

"वस्ताद, पाच मिनिटांत गेला असता की तो!" पराग कळवळून म्हणाला.

गाडी बघायला आलेले श्रीपाल शेठ दारातच थबकले. सगळी गाडी झळकत होती आणि त्यांना दिसत होती ती एकच रेघ. "एवढं एकच सांगितलं होतं तुम्हाला," त्यांचा आवाज चढला. "बाकीची गाडी मळकी राहिली असती तरी चाललं असतं मला!"

वस्तादांनी मशीनचा पॅड काढून त्यांच्या हातात दिला. पांढरा पॅड पार निळा झाला होता.

"हे निळं कुठून आलं, सांगा शेठ," वस्ताद म्हणाले. "ओरखडा म्हणजे रंगातली खोल रेघ. मशीन ती भरून काढत नाही. आजूबाजूचा चांगला रंग झिजवून त्या रेघेच्या तळापर्यंत खाली आणतं. मग रेघ दिसत नाही, एवढंच. हा रंग तुमच्या अण्णांनी वीस वर्षं पुसून राखलेला आहे. डाग काढताना थोडा गेला, तो जाऊ दिला. पण तुमची एक रेघ लपवायला त्यांचं अख्खं दार सोलायचं? दुखवायचं तुम्ही आणि झिजायचं त्यांनी, असं करू नका. रेघ मी मेणानं बंद केलीय. आता राहू दे तिला."

शेठजींनी पॅडवरच्या निळ्या रंगावरून अंगठा फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, "मग मी त्यांच्यापुढं जाऊ कसा?"

"ते गॅरेजचं काम नव्हे, शेठ," वस्ताद म्हणाले.

क्षमावाणीच्या सकाळी श्रीपाल शेठ गाडी घेऊन निघाले. जुनी गाडी वाटेत अडू नये म्हणून वस्तादांनी परागला सोबत पाठवलं होतं. भूपाल अण्णा घरापुढच्या सोप्यात बसले होते. फार वाळले होते, पण खांद्यावर फडकं होतं. गाडी पाहून ते सावकाश पायऱ्या उतरले आणि तिच्याभोवती फिरू लागले. श्रीपाल शेठांनी हात जोडले आणि दरवर्षीचंच वाक्य सुरू केलं.

"अण्णा, कळत-नकळत माझ्याकडून काही..."

त्याच क्षणी अण्णांचं बोट त्या दारावर येऊन थांबलं. सवयीच्या हाताला रेघ बरोबर सापडली आणि बोट तिच्यावरून पुढे सरकू लागलं. शेकडो लोकांना बिनदिक्कत पाठवलेलं वाक्य शेठजींनी अर्ध्यावरच सोडलं.

"नकळत नाही, अण्णा," ते म्हणाले. "कळूनच केलं. तुम्हाला लागावं म्हणूनच केलं." आणि साठीचा तो माणूस भर दारात ओक्साबोक्शी रडू लागला.

अण्णांनी बोट रेघेच्या टोकापर्यंत नेलं. "लागलं होतं रे," ते म्हणाले. "लई लागलं होतं." मग त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि सगळं दार, त्या रेघेसकट, पूर्वीसारखं पुसलं.

"किल्ली दे इकडं."

शेठजींनी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. पराग केव्हाच खाली उतरला होता. अण्णा स्टिअरिंगमागे बसले आणि त्यांनी शेजारच्या सीटवर हात आपटला. "बस. आणि दार हळू लाव."

गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत पराग बघत राहिला आणि मग चालतच गॅरेजला परतला. वस्ताद दुसऱ्या एका गाडीची चाकं घासत बसले होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "ओरखडा दिसला का त्यांना?"

"दिसला, वस्ताद."

"मग झालं काम," वस्ताद म्हणाले.

परागने दुसरा ब्रश घेतला आणि तो त्यांच्या शेजारी बसला.