रश्श्याबरोबरची वाइन

“आणि त्यानंतर?” फादर बेनितोंनी विचारलं.

ऋताने ग्लास पुन्हा नाकाशी नेला. आधी आंबट चेरी आहे, ती म्हणाली. मग वाळलेलं आलूबुखार. ओकच्या पिंपातून उतरलेला व्हॅनिलाचा वास. अगदी शेवटी जुनं चामडं आणि तंबाखूचं पान. तुरटपणा आहे, पण वयाने मऊ झालेला. बारा वर्षांची असावी.

“तेरा,” फादर म्हणाले.

ऋता गायधनी नाशिकची. डोळे बांधून वाइन ओळखण्याच्या स्पर्धा तिने जिंकल्या होत्या. उत्तर स्पेनमधल्या रिओहा प्रांतातल्या या मठात ती मुद्दाम आली होती. ऐंशी वर्षांचे फादर बेनितो पन्नास वर्षं मठाची वाइन बनवत होते आणि दर हंगामात एकाच शिष्याला हाताशी घेत. त्यांच्याशी बोलता यावं म्हणून ती चार वर्षं स्पॅनिश शिकली होती.

ही वाइन कशाबरोबर द्यावी, असं फादरनी विचारलं.

तिला उत्तर पाठ होतं. द्राक्षवेलींच्या वाळक्या काटक्यांवर भाजलेलं कोकराचं मांस. मेंढीच्या दुधाचं मुरलेलं चीज. रानातले मश्रूम, लोण्यावर परतलेले. तिखट मात्र जवळ आणू नये.

फादर सगळं लक्ष देऊन ऐकत होते. पहिल्याच दिवशी इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं. मग म्हणाले, आज दुपारी द्राक्षं तोडणाऱ्यांना तू वाइन वाढ. तळघरातली कुठलीही घे.

ऋताने सकाळचीच निवडली. तेरा वर्षांची, मठातली सगळ्यात चांगली. स्वयंपाकघरात काय शिजतंय, हे तिने विचारलं नाही.

दुपारी सोळा माणसं लांब टेबलाशी येऊन बसली. मधोमध मोठं पातेलं आलं. आत बटाट्याचा लालभडक रस्सा होता आणि त्यात चोरिसोचे तुकडे. चोरिसो म्हणजे धुरावलेली लाल मिरची घातलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज.

रश्श्याचा रंग बघून ती क्षणभर थबकली. पण बाटल्या उघडून झाल्या होत्या. आणि इतकी चांगली वाइन कुणाला आवडणार नाही, असं तिने स्वतःला समजावलं.

माणसांनी घोट घेतला. चर्चमध्ये बसावं तशी सगळी ताठ बसली. हळू आवाजात वाइनची तारीफ झाली. मग बोलणंच थांबलं...

पुइ नावाच्या एका म्हाताऱ्या बाईने ताट बाजूला सारलं आणि पाणी मागितलं.

ऋताने रश्श्याचा एक घास खाल्ला, वर वाइन प्यायली. चेरी नव्हती. चामडं नव्हतं. मिरचीने सगळं गिळलं होतं. जिभेवर उरलं होतं नुसतं कडू लाकूड.



फादर उठले, तळघरात गेले आणि गेल्या वर्षीच्या वाइनचा मोठा मातीचा जग घेऊन आले. सगळ्यांचे ग्लास त्यांनी स्वतः भरले. ऋताचाही.

ती वाइन पिकल्या जांभळासारखी होती. आंबटगोड, जराशी तुरट. तोंडातला तेलकटपणा त्या वाइनने धुऊन काढला आणि लगेच दुसरा घास घ्यावासा वाटला. तो घेतल्यावर पुन्हा वाइन हवीशी वाटली.

टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी हसलं. पाव मागवला गेला. पुइबाईंनी ताट परत पुढे ओढलं.

फादर मात्र पीत नव्हते. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. ऋताने त्यांच्यासाठी ग्लास भरला, तेव्हा त्यांनी तो हलकेच बाजूला ठेवला.

“सात वर्षांपूर्वी ताप आला. त्यात वास गेला माझा,” ते म्हणाले. “आंबट कळतं, तुरट कळतं. बाकी काही नाही.”



ही गेल्या वर्षीची वाइन मग कुणी बनवली, असं ऋताने विचारलं.

मीच, ते म्हणाले.

तिने आयुष्यभर ज्याचा अभिमान धरला होता, ते या माणसाजवळ उरलं नव्हतं. आणि तरी अशी वाइन तिला बनवता आली नसती. हे तिला साफ दिसलं, आणि नवल म्हणजे त्याचं वाईट वाटलं नाही. ती त्यांच्या शेजारी बाकावर टेकली आणि आजचं जेवण मी बिघडवलं, मी उद्या परत जाते, म्हणाली.

तुझी खोली झाडून ठेवली आहे, फादर म्हणाले. तोडणी संपेपर्यंत राहा.

माणसं उठून मळ्याकडे निघाली.

“फादर, वाइन जमली की नाही, हे तुम्हाला कळतं कसं?”

फादरनी पातेलं जवळ ओढलं आणि तिच्याकडे कलतं केलं. कुणीतरी पावाने त्याचा तळ पुसून घेतला होता.

“आज हे घासावं लागणार नाही,” ते म्हणाले.