उरलंसुरलं

वसतिगृहाच्या मुलांसाठी देणगी जमवायची म्हणून संस्थेनं नाशिकच्या एका हॉटेलात मोठं जेवण ठेवलं होतं. स्वागतगीताच्या तालमीपायी मुलं सकाळपासून उपाशी होती. इंटर्न तनुजानं त्यांची ताटं मांडली, तसे अध्यक्ष घारपुरे खेकसले, "उचल ती ताटं. आधी देणगीदार जेवतील. मुलांना मग उरलंसुरलं दे."

तनुजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं माईक हातात घेतला.

"साहेब, देणगीदार येतच आहेत. त्यांनाही हेच सांगते, की तुमच्या पैशांतून आधी आमचं भागेल, मुलांना मग उरलंसुरलं देऊ."

घारपुऱ्यांनी दाराकडे पाहिलं. पहिली गाडी येऊन थांबली होती.

"बसा रे मुलांनो," ते पुटपुटले.

तनुजानं माईक ठेवला आणि भाताचा डाव त्यांच्या हातात दिला.