तिसऱ्या हाकेला

एकदा एका खाडीकाठच्या गावात इंग्रजीचे एक वृद्ध शिक्षक राहत होते. त्या गावाची एक जुनी रीत होती. आयुष्यभर कशाचा तरी नाद जोपासलेला माणूस गेला, की त्या नादाची एक वस्तू घरच्यांनी गावाबाहेरच्या एका कौलारू घरात आणून ठेवायची. त्या घराला नादघर म्हणत. दिवसा तिथे शाळेतली पोरं बागडत. सूर्य खाडीत उतरू लागला की मात्र तिकडे कुणी फिरकत नसे.

पुढे लाँचमधून परदेशी पाहुणे येऊ लागले आणि प्रत्येक वस्तूखाली इंग्रजी पाटी हवी असं ठरलं. काम शिक्षकांकडे आलं. त्यांनी आपली एक जुनी शिष्या शहरातून बोलावून घेतली. ती इंग्रजीत एम.ए. झालेली, जिभेची तिखट, आणि म्हाताऱ्या माणसांच्या सावकाशपणाचा तिला मनस्वी तिटकारा. तरी ती आली, कारण नादघरातली सर्वांत नवी वस्तू तिच्या वडिलांची होती.

शिक्षकांनी आधी स्वतः लिहून पाहिलेल्या पाट्या तिने हातात घेतल्या आणि कपाळाला हात लावला.

"सर, बर्ड लव्हर, सिनेमा लव्हर, रेडिओ लव्हर... सगळेच लव्हर? हे नादघर आहे की कॉलेजच्या कट्ट्यामागची भिंत?"

शिक्षक हसले. "म्हणून तर तुला बोलावलं. माझे शब्द काही लागत नाहीत."

"लागत नाहीत म्हणजे?"

"तिन्हीसांजेला कळेल."

"आत्ता सांगा ना! तुम्हा मोठ्या माणसांना प्रत्येक गोष्ट नंतर का सांगायची असते?"

त्यावर शिक्षकांनी तिच्या हातात खडू दिला.

तिने पाट्या पुसल्या आणि झरझर लिहायला घेतलं. जानू पागी कांदळवनात होडी लावून जन्मभर पक्षी बघत बसला होता. त्याच्या दुर्बिणीखाली तिने लिहिलं, 'ॲव्हियन एन्थुझियास्ट'. तंबूतल्या टॉकीजचा एकही सिनेमा न सोडणाऱ्या कमरुद्दीन मुकादमांच्या बॅटरीखाली, 'सिनेफाइल'. मग ती कोपऱ्यातल्या मोठ्या बिनतारी संचापाशी आली. तिचे वडील सरकारी परवाना काढून या यंत्रावरून जगभरातल्या अनोळखी माणसांशी बोलत असत. आता त्याची वायर कापलेली होती आणि तबकडीवर धूळ होती. तिथे तिने क्षणभरही विचार केला नाही. लिहिलं, 'रेडिओ ॲडिक्ट'.

शिक्षकांनी ते वाचलं. "उद्या पाहुण्यांबरोबर तुझी आईही येईल. तिला इंग्रजी येत नाही. ती अर्थ विचारील."

"सांगेन की. व्यसनी. खोटं आहे का सर? अख्ख्या जगाशी बोलायला वेळ होता त्यांना. आम्ही ताट वाढून बसायचो. आई हाक मारायची, उत्तर नाही. पुन्हा हाक, उत्तर नाही. तिसऱ्या हाकेला आत बटण बंद केल्याचा खट् आवाज यायचा, तेव्हा कुठे स्वारी उठायची. तोवर भात निवलेला असायचा."

"एकदा पाटी लागली, की त्यांना ओळखणारी माणसं सरल्यावर त्यांच्यामागे तेवढाच शब्द उरेल."

"उरू दे."

शिक्षक एकेक पाटी उचलून उंबरठ्याशी नेऊन ठेवू लागले. तिला त्या सावकाशपणाचाही राग आला.

सूर्य खाडीला टेकला तसा वारा पडला. शिक्षकांनी तिला नादघराच्या उंबरठ्यावर उभं केलं. स्वतः आत न जाता त्यांनी काळोखाकडे तोंड केलं आणि, जसं शेजाऱ्याला बोलवावं तसं, स्वच्छ आवाजात हाक मारली.

"ॲव्हियन एन्थुझियास्ट!"

शिष्येला हसू फुटलं. "सर, हे काय?"

"गावात पाळतात ते विसरलीस? तिन्हीसांजेला माणसाला हाक मारायची ती तीनदा." त्यांनी तीच हाक आणखी दोनदा मारली. आत काही हललं नाही. त्या जड शब्दांनंतर घर अधिकच रिकामं वाटू लागलं.

"जानूला असं कोण हाक मारील?" शिक्षक म्हणाले. "पाखरांमागे हिंडणारे इंग्रज एकमेकांना काय म्हणतात?"

"बर्ड वॉचर," ती नाइलाजाने म्हणाली. "पण ते किती साधं आहे!"

"बर्ड वॉचर!" शिक्षकांनी हाक मारली. मग पुन्हा. तिसऱ्या हाकेला, वारा नसताना, खुंटीवरच्या दुर्बिणीचा चामडी पट्टा हळूच झुलला. गळ्यात घालायला कुणी उचलावा तसा.

शिष्येचं हसू ओठांवरच सुकलं.

"मुकादमांना?" शिक्षकांनी विचारलं.

"फिल्म बफ," ती हलक्या आवाजात म्हणाली. "सिनेमावाल्यांना बफ म्हणतात. पाखरांवाल्यांना नाही म्हणत. गाण्यांचा नाद असता, तर तुमचा लव्हर चालला असता."

शिक्षकांनी तिसऱ्यांदा 'फिल्म बफ' म्हटलं, तेव्हा गंजलेल्या बॅटरीची काच मिणमिणली. पिवळा उजेड जमिनीवरून रांगत गेला. काळोखातल्या तंबूत कुणी आपली जागा शोधत असावं, तसा. मग तो विझला.

"आता तुझ्या वडिलांना तू हाक मार," शिक्षक म्हणाले.

तिला निघून जावंसं वाटलं. पण घाबरून परतणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने हनुवटी वर केली.

"रेडिओ ॲडिक्ट!"

"ओ."

हाक पुरती तोंडाबाहेर पडली नव्हती, तोच आतून ओ आली. तत्पर, गोड, जणू बोलावण्याचीच वाट पाहत बसलेली. तो आवाज वडिलांचा नव्हता. तो हुबेहूब तिचा स्वतःचा होता.

"ओ," पुन्हा आलं, या खेपेस जवळून. यंत्रामागच्या काळोखात काहीतरी उठून उभं राहिलं होतं. त्याची उंची तिच्याइतकीच होती.

तिने पुढे बोलायला तोंड उघडलं, तोच शिक्षकांनी तिच्या ओठांवर आडवा हात धरला आणि दुसऱ्या हाताने 'ॲडिक्ट' हा शब्द पाटीवरून पुसून टाकला. आतला आवाज मधेच तुटला. उभं राहिलेलं ते, आधार काढून घेतल्यासारखं, खाली बसलं.

शिक्षकांनी तिच्या ओठांवरचा हात काढला. मग शिक्षक म्हणाले,

"मुली, एका हाकेला जे ओ देतं ते आपलं माणूस नसतं, असं म्हणतात. तू वडिलांना हाक मारलीच नव्हतीस. तू आपल्या रागाला हाक मारलीस. तो लांब कुठे गेलाच नव्हता, म्हणून ओ लगेच आली. दुसऱ्याच्या नादाला शब्द द्यायचा तर त्यात आपली विद्वत्ता नको आणि आपलं गाऱ्हाणंही नको. त्या नादातली माणसं एकमेकांना ज्या शब्दाने हाक मारतात, तोच शब्द. तेवढ्यालाच माणूस वळून बघतो."

ती उसळली. "एवढं ठाऊक होतं तर वडिलांचा शब्द तुम्हीच का नाही सांगितला? मला हे असं... हे दाखवायची काय गरज होती?"

"मला तो ठाऊक नाही," म्हातारा सरळपणे म्हणाला. "मी लव्हर म्हणून हाक मारून पाहिली, कुणी आलं नाही. पुढे माझी मती चालेना. तुझ्या वडिलांच्या खोलीबाहेर मी कधी उभा राहिलो नव्हतो. तू रोज उभी राहत होतीस."



ती उंबरठ्यावर बसली. निवलेला भात आठवला, आईचा थकलेला आवाज आठवला. मग त्या बंद दाराबाहेर उभी असलेली शाळकरी ती आठवली. आत वडील आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत कुणा दूरच्या माणसाशी बोलत होते आणि त्या इंग्रजीची लाज वाटून तिने कान झाकले होते. पण झाकण्याआधी काही शब्द आत शिरलेच होते.

"नो सर, नॉट इंजिनिअर. ओन्ली अ हॅम." आणि पलीकडून, समुद्रासारख्या खरखरीतून, कुणी आनंदाने हसून म्हणालं होतं, "मी टू!" मग वडील म्हणाले होते, "माय डॉटर, सर, व्हेरी गुड इन इंग्लिश. बेटर दॅन मी."

हॅम. असे बिनतारीवाले जगभर स्वतःला हेच म्हणवतात, हे तिला ठाऊक होतं. एवढासा शब्द. एम.ए.च्या डोळ्यांना तो पाटीवर लिहिण्याजोगा वाटलाच नव्हता.

तिने खडू घेतला आणि लिहिलं. मग उभी राहिली.

"हॅम!"

आत शांतता. पण ही मघाची शांतता नव्हती. कुणीतरी कामात असावं, तशी होती.

"हॅम!" तिचा आवाज आईसारखा आला, ते तिचं तिलाच कळलं.

वायर कापलेल्या यंत्राची तबकडी धुळीखालून फिकट उजळली. समुद्रासारखी बारीक खरखर खोलीभर पसरली आणि तिच्या तळाशी कुणीतरी कुणाचातरी निरोप घेत असल्यासारखं पुटपुटणं ऐकू आलं. शब्द कळले नाहीत. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, एवढं कळलं. तिने या खेपेस कान झाकले नाहीत.

शिक्षकांनी तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. मग तिसऱ्यांदा हाक मारली. हळू, घरातल्या माणसाला मारतात तशी.

खरखर थांबली.

काळोखात बटण बंद झालं. खट्.

वृद्ध शिक्षक उंबरठ्यावरून एका बाजूला सरले, येणाऱ्याला वाट द्यावी तसे. शिष्येने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि, का ते न विचारता, तीही दुसऱ्या बाजूला सरली.