मडक्याच्या तळाचं पीठ

भटारखान्यातली भांडी बोलत असत त्या काळी एका हॉटेलात जिलबीची कढई होती. गिऱ्हाइकं जिलबी खाता खाता हटकून वाद घालत. एक म्हणे, ही इराणातून आली; दुसरा म्हणे, छट्, इथलीच! ते हात पुसून निघून जात, कढई मात्र चूल विझल्यावरही धुमसत राही.

शेवटी तिने जिलबीच्या पिठाच्या मडक्याला गाठलं. आदल्या दिवशीचं थोडं आंबलेलं पीठ तळाशी ठेवून त्यातच नवं भिजवायची तिथली रीत होती.

"खरं सांग, तुझ्या तळाशी कुणाचं पीठ आहे?"

"कालचं, अक्का."

"आणि कालच्याखाली?"

"परवाचं. त्याच्या मागचं मला काय ठाऊक?"

"म्हणजे कुणा परक्याचंही असेल! झाऱ्या, खरवड ते मडकं. आपली जिलबी आपण नव्याने करू."

झाऱ्याने मडकं लख्ख केलं. सकाळी कोऱ्या पिठाची जिलबी तुपात पडली, पण फुगली नाही. पाकात बुडवली, तर पाक आत शिरेना. पहिल्याच गिऱ्हाइकाने घास तोंडातून काढला.

"ही कुठून आणलीत हो?"

आयुष्यात पहिल्यांदा कढईला उत्तर पक्कं ठाऊक होतं, आणि ते सांगायला तोंड उरलं नव्हतं.